गुरुवारचा डबा

आमच्या घरात एका वेळी सहा डबे भरून ठेवलेले मी पहिल्यांदा पाहिले ते अकरा वर्षांची असताना. ते रिकामे झालेलेही त्याच आठवड्यात पाहिले. त्या चार-पाच दिवसांत मी जेवढं खोटं लिहिलं तेवढं पुढे उभ्या आयुष्यात मिळून लिहिलं नाही. आणि हे सांगणाऱ्या बाईनं नोकरीत रजेचे अर्ज भरपूर लिहिलेले आहेत, एवढं लक्षात ठेवा.

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. अमरावतीत एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. माय, बाबा, बाबांचे वडील म्हणजे आबाजी, मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ. दीक्षा घेतल्यावर आबाजींनी गावकीची जुनी कामं सोडली आणि गावही सोडून ते मुलाजवळ शहरात आले होते. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. माय सातवी पास होती आणि शाळेत शिकवायची, पण तिचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. अशा बायांना तेव्हा ‘अनट्रेंड’ म्हणत आणि म्हणताना ओठ जरा वाकडे करत.

नोकरी पक्की व्हायची तर शिक्षकाची परीक्षा पास होणं भाग होतं आणि परीक्षेचं केंद्र अकोल्याला. आदल्या वर्षी माय गेली होती. दोन पेपर झाले आणि इकडे भावाला ताप भरला. बाबा घाबरले, त्यांनी निरोप धाडला, आणि माय मिळेल त्या गाडीनं परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि पोरगं बोळात गोट्या खेळायला लागलं. मायचं वर्ष मात्र गेलं. या वर्षी तिला शाळेत सरळ सांगितलं होतं की आता परीक्षा सुटली तर जागाही सुटेल.

त्यामुळे मायनं ठरवलं, की आपल्याला परत बोलवायला घरात कारणच उरू द्यायचं नाही. सोमवार ते शनिवार सहा दिवस परीक्षा. सहा दिवसांचं जेवण ती आधीच करून ठेवणार होती.

आता हे आजच्या बाईला सांगितलं तर ती म्हणेल, त्यात काय. पण महिना एप्रिलचा, गाव वऱ्हाडातलं. सकाळची भाजी दुपारी आंबते आणि दुपारचं वरण संध्याकाळी फेसाळतं. शिवाय मागे राहणाऱ्या माणसांचं कर्तृत्व असं की बाबांना चहा आणि खिचडी येत होती, पण लग्नसराईत पत्रिका छापायची घाई असल्यामुळे ते सकाळी गेले की दिवेलागणीलाच परत यायचे. आबाजी चुलीकडे फिरकत नसत. मी भाकरी थापायची, पण ती तव्यापर्यंत पोचेपर्यंत तिचे दोन तरी तुकडे झालेले असायचे.

आठ दिवस आधीपासून माय शाळेतून आली की पदर खोचायची. वनस्पती तुपाचे सहा रिकामे डबे तिनं राखेनं घासून उन्हात तापवले. मग कोणता पदार्थ किती दिवस टिकतो, त्या हिशेबानं दिवस लावले. सोमवारला दुधात भिजवलेल्या दशम्या, कारण त्या दोन दिवस राहतात. मंगळवारला तिखटमिठाच्या पुऱ्या. बुधवारला मागच्या उन्हाळ्यात केलेल्या मुंगवड्या, त्यासोबत तेलात भाजलेल्या मसाल्याची पुडी आणि मोजलेले तांदूळ. मी फक्त पाणी उकळायचं, सगळं त्यात टाकायचं आणि हात लावायचा नाही. गुरुवारला पुन्हा पुऱ्या, पण मोहन जास्त घातलेल्या कडक, आणि तिळाची चटणी. शुक्रवारला भाजून, तिखटमीठ घालून तयार ठेवलेलं बेसन, म्हणजे त्याचं दहा मिनिटांत पिठलं होतं. शनिवारला सातूचं पीठ, गूळ आणि उन्हात वाळवलेल्या ज्वारीच्या खारोड्या.

चटणीच्या दोन पितळी डब्या होत्या, अगदी एकसारख्या. एकीत तिळाची भरली, ती आमची. दुसरीत जवसाची, ती मायनं स्वतःला न्यायला ठेवली, कारण जवसाचं नाव काढलं तरी भाऊ भिंतीकडे तोंड करून बसायचा. 

बाबांना या सगळ्याचं भारी कौतुक. त्यांनी छापखान्यातून डब्यांवर चिकटवायला वारांची नावं छापून आणली. लग्नपत्रिकेचाच ठसठशीत टाइप आणि भोवती वेलबुट्टीची चौकट. सोमवारचंच लग्न लागणार आहे असं वाटत होतं. खळ लावून त्यांनी ती नावं डब्यांवर चिकटवली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मायनं कोणत्या दिवशी काय खायचं याची यादी लिहून भिंतीला लावली. फळीवर ते सहा डबे ओळीनं उभे राहिले तेव्हा आमची ती अंधारी खोलीसुद्धा ऐपतदार दिसायला लागली. आबाजी तर दिवसातून दोनदा तिथे येऊन नुसते उभे राहायचे.

रविवारी निघताना मायनं मला जवळ घेतलं.

“रोज काय खाल्लं ते चिठ्ठीत लिहून धाडजो. चाचाजवळ देजो.”

चाचा म्हणजे समोरच्या घरातले. ते रेल्वेत पार्सलच्या कामावर होते. रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. माय अकोल्याला स्टेशनमागच्या गल्लीत एका लांबच्या मावशीकडे उतरणार होती, त्यामुळे चिठ्ठीची सोय घरबसल्या झाली.

“अन् काही कमी-जास्त झालं तर?” बाबांनी विचारलं.

“काही होऊ देऊ नका,” माय म्हणाली. “पण मले खोटं सांगू नका. पोरं उपाशी असली तर मले तिथं एक अक्षर सुचणार नाई.”

सोमवार यादीप्रमाणे पार पडला. मी चिठ्ठीत दशम्यांचं वर्णन केलं. मंगळवारी संध्याकाळी त्याच कागदाच्या मागे मायचं उत्तर आलं: दशमीचं फडकं धुऊन वाळत घाल, माठावर झाकण ठेव, भावाला उन्हात सोडू नको, आबाजींना आधी वाढ. परीक्षेला गेलेल्या बाईला एवढ्या सूचना सुचतात म्हणजे पेपर बरा गेला असणार, असं बाबा म्हणाले. ते उत्तर वाचेपर्यंत आमच्याकडे आकाश कोसळून गेलेलं होतं.

मंगळवारी माझी सकाळची शाळा होती. दुपारी बाराच्या सुमारास घरी आले तर दाराबाहेर वहाणांचा ढीग. गावाकडून भावकीतल्या एका मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आली होती. लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडच्या मंडळींनी एका दुकानात ठाण मांडून एकाच वेळी घ्यायचे, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. पाच मिनिटांत निघेल असा त्यातला एक माणूस नसतो. अकराजण होते. दुकानात जायच्या आधी आबाजींना भेटायला आले होते आणि आबाजींनी ‘जेवल्याबिगर जाऊ नका’ म्हटलं होतं.

आमच्या पुढच्या खोलीत दोन पंगती समोरासमोर बसल्या होत्या. आबाजी, ज्यांनी घरात कधी पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही, ते आग्रह करकरून वाढत होते. मंगळवारच्या पुऱ्या गेल्या होत्या. गुरुवारच्या चालल्या होत्या आणि चटणीची डबी आधीच पुसून झाली होती. पाहुण्यांतल्या एका बाईनं चूल पेटवून मुंगवड्या आणि पिठलं दोन्ही केलं होतं. पोरं सातूचं पीठ गुळाशी कालवून चाटत होती. खारोड्या तर येता-जाताच संपल्या असाव्यात. डब्यांची झाकणं एका कोपऱ्यात उलटी पडली होती आणि फळीवर सहा वार आपापल्या वेलबुट्टीत रिकामे उभे होते.

“ये माय, तूबी बस,” आबाजी मला म्हणाले. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच पाहिला. “आज आपल्या घरी अकरा पानं उठून राहिली.”

पाहुण्यांसमोर बोलायची सोय नव्हती. मी दात-ओठ खाऊन पाणी वाढलं. जाताना नवरीच्या आईनं मायबद्दल विचारलं, सुनेच्या हाताला चव आहे म्हणाली आणि माझ्या हातावर फुटाण्यांची पुडी ठेवली. त्या वेळी मला ती पुडी फेकून द्यावीशी वाटली होती. संध्याकाळी मी आणि भावानं तीच खाल्ली.

पाहुणे बोळातून वळले आणि माझा बांध फुटला. आजोबांवर ओरडायची आमच्या घरात रीत नव्हती, पण मी ओरडले.

“काहून बोंबलून राहिली?” आबाजी खरोखरच चकित झाले होते. “पावण्यायले उपाशी धाडू?”

“सहा दिवसांचं होतं ते! हा बुधवार, हा गुरुवार, हा शुक्रवार!” मी एकेक डबा त्यांच्यासमोर आपटला. “मायनं लिहून ठेवलं होतं ना!”

लिहून ठेवलं होतं. आबाजींना वाचता येत नव्हतं, हे माझ्या तोंडून वाक्य निघून गेल्यावर मला आठवलं. त्यांनी एक डबा हातात घेतला आणि त्या छापील अक्षरांवरून बोट फिरवलं. कोणता वार होता ते त्यांना कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

“मले वाटलं, घर भरलं,” ते हळूच म्हणाले. “मी जन्मात घरात सहा डबे भरलेले पाह्यले नोते, पोरी. रोज येऊन पाहो मी. म्हटलं, आता आपल्या घरी एवढं हाय, तर कोणाले जेव म्हणाले काय जाते?”

राग तर होताच. पण आज लिहिताना सांगते, आमच्या घराबद्दल इतकं चांगलं कुणी कधीच बोललं नाही.

बाबा आले, त्यांनी डबे पाहिले, सगळं ऐकलं आणि आपल्या वडिलांना एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी खिचडी टाकली. ती खाली लागली. आबाजी जेवले नाहीत. भाऊ ‘माय पाहिजे’ म्हणून सूर लावायला लागला तेव्हा बाबांनी मला बाजूला घेतलं.

“तुह्या मायले कळलं तर पहिल्या गाडीनं परत येईन. मागच्या वर्षासारखंच होईन.”

“मग कळूच देऊ नका,” मी म्हणाले. भिंतीवर मायची यादी होतीच. मंगळवार, तिखटमिठाच्या पुऱ्या. मी कागद घेतला आणि लिहिलं: पुऱ्या चांगल्या झाल्या, सगळे पोटभर जेवले, आबाजींना आधी वाढलं. यातलं ‘सगळे पोटभर जेवले’ हे अकरा पाहुण्यांच्या बाबतीत खरं होतं, अशी मी मनाची समजूत घातली. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घालून माझ्या हातात दिली.

बुधवारी सकाळी मी चिठ्ठी द्यायला निघाले तर आबाजी डोक्याला फेटा बांधून तयार. हातात दोन रिकामे डबे. माझ्यापुढे ते बोळ ओलांडून चाचीच्या दारात जाऊन उभे राहिले. गाव सोडल्यापासून या माणसानं कुणाच्या दारात उभं राहून काही मागितलं नव्हतं. न मागता जगण्यासाठीच तर ते शहरात आले होते.

“बाई, मी चुकलो,” ते म्हणाले. “सुनेनं लेकरायसाठी करून ठेवलेलं मी गावाले वाढून दिलं. तिले कळलं तर तिची परीक्षा जाते.”

चाचीनं आधी आबाजींकडे पाहिलं, मग डब्यांकडे. चाचा आत चहा पीत होते, त्यांचाही कप हातातच थांबला.

“खिलाया ही तो है बाबाजी, फेका तो नहीं,” चाची म्हणाली. मग मला विचारलं, “बेटी, बुधवार कौनसा?”

मी दाखवला. तो तिनं ठेवून घेतला. “और जुम्मे का भी ला के दे. वो भी मेरा.” मग ती दुसरा डबा घेऊन स्वतःच निघाली आणि कोपऱ्यावरच्या काकूंकडे गेली. तो गुरुवारचा होता.

काकू भातकुलीकडच्या शेतकरी घरातल्या. मुलांच्या शाळेसाठी अमरावतीत राहायच्या. मायशी गोड बोलायच्या, पण आमच्याकडे कधी पाणी प्यायल्या नव्हत्या. आम्हीही कधी विचारलं नव्हतं, कारण ‘नको’ ऐकायची तयारी नव्हती. चाचीनं त्यांच्यासमोर डबा धरला. “मास्टरनी का इम्तिहान है. एक दिन का खाना तुम्हारे घर का.” काकूंचे हात क्षणभर पदराखालीच राहिले. मी बोळाच्या मध्यावर उभी राहून पाहत होते आणि मनात म्हणत होते, नाही घेतला तर मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही. काकूंनी डबा घेतला.

“उद्याचा ना?” एवढंच म्हणाल्या.

बुधवारी चाचीकडून मसुराची डाळ आणि रोट्या आल्या. रोट्या एवढ्या मऊ की भावानं ‘मायपेक्षा चांगल्या’ असं जाहीर केलं आणि मी त्याला चिमटा काढला. मी मायला लिहिलं: मुंगवड्या केल्या, पाणी उकळून टाकल्या, हात लावला नाही. गुरुवारी काकूंनी ज्वारीच्या भाकरी आणि भरली वांगी धाडली. डब्यात वरण मावलं नाही म्हणून ते वेगळ्या पितळी पातेलीत दिलं, नाव कोरलेल्या. अमरावतीत त्या दिवशी आमच्याइतकं चांगलं कोण जेवलं असेल मला शंका आहे.

खोटं बोलणाऱ्याला एकदा जम बसला की त्याला सजावटीचा मोह होतो. गुरुवारच्या चिठ्ठीत मी लिहिलं: पुऱ्या कडक होत्या पण छान. तिळाची चटणी तर फारच छान झाली. लहान्यानं दोनदा मागून घेतली आणि डबी पुसून खाल्ली.

शुक्रवारी संध्याकाळी चाचा उत्तर घेऊन आले. रोज कागद भरून सूचना यायच्या. त्या दिवशी दोनच शब्द होते: “बरं. जेवा.” बाबा म्हणाले, गणिताचा पेपर होता, अवघड गेला असेल. मी म्हटलं, माझ्या कारभारात आता सूचना करायला जागाच राहिली नाही.

शुक्रवारी पुन्हा चाची. शनिवारचा डबा मी कुणाकडे द्यायचा म्हणून उचलला, तर आबाजींनी माझ्या हातातून काढून घेतला.

“हा माहा.”

त्यांनी मागच्या अंगणात गोवऱ्या रचल्या. शेतात राहणारा पुरुष चूल पेटवत नसेल, पण रोडगे त्याला येतात. त्यांनी कणीक घट्ट मळली, तेलाचा हात फिरवत थरावर थर देऊन गोळे केले आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरले. दुपारच्या उन्हात, धुरात डोळे पुसत हा म्हातारा रोडगे उलटत बसला होता. मी मदतीला गेले तर म्हणाले, “तू वांगे भाज. बाकी मले करू दे.” भाजून झाल्यावर त्यांनी ते फडक्यानं पुसून त्या शनिवारच्या डब्यात एकावर एक रचले. झाकण बसेना इतके.

संध्याकाळी माय आली. भाऊ तिच्या कमरेला चिकटला तो सुटेना. तिनं फळीकडे पाहिलं, घासून पालथे घातलेले पाच डबे पाहिले आणि भरलेला शनिवार पाहिला. “रोडगे कोणं केले?” विचारलं. आबाजींनी मान खाली घातली. ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, “मामाजी, पेपर चांगले गेले.” मग जेवायला बसल्यावर तिनं पिशवीतून पितळी डबी काढली आणि भावाच्या ताटात तिळाची चटणी वाढली. त्यानं ती खाल्ली, मीही खाल्ली. अकोल्याच्या मावशीनं दिली असेल असं मला वाटलं. दोन डब्यांचं माझ्या डोक्यातही आलं नाही. खोट्याची सजावट करणाऱ्यांचं असं होतं.

पकडले गेले ती दुसऱ्या दिवशी. काकूंची पातेली परत करायची राहून गेली होती, म्हणून मी ती ज्वारीच्या कोठीत लपवली होती. मायनं दळणाला ज्वारी काढताना तिचा हात नेमका पातेलीवर पडला. तिनं वरचं कोरलेलं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ढसाढसा रडत सगळं सांगून टाकलं, बस्त्यापासून रोडग्यांपर्यंत. आता ती आबाजींवर चिडेल, बाबांवर चिडेल, मला तर सोडणारच नाही, अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, “बरं. पण भांडं रिकामं देत नाईत.”

त्या दुपारी तिनं रव्याचे लाडू केले. एक डबा चाचीला दिला आणि पातेली भरून स्वतः काकूंकडे निघाली. मला सोबत घेतलं. मी घाबरले होते. काकूंनी लाडू घेतले नाहीत तर काय, हा विचार माझ्या मनात होता आणि मायच्याही असणार, कारण ती नेहमीपेक्षा हळू चालत होती. काकूंनी पातेली घेतली, आत नेऊन ठेवतील असं वाटलं, पण त्या दारातच थांबल्या. एक लाडू फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

“वेलची घातली का वं?” त्यांनी मायला विचारलं.

“घातली,” माय म्हणाली. परत येताना ती भरभर चालली.

पावसाळ्याच्या तोंडाशी निकाल लागला. माय पास झाली, पक्की झाली आणि पुढे कितीतरी वर्षं शिकवत राहिली. पक्की झाल्यावरचे तिचे पहिले विद्यार्थी आबाजी. डब्यांवरच्या त्या सहा वारांवरूनच तिनं त्यांना अक्षरं शिकवली. ‘गुरुवार’ वाचायला जमला त्या दिवशी ते चाचीला डबा दाखवून आले.

मी मोठी झाले आणि सत्तर साल उजाडायच्या आधीच मला अकोल्याला नोकरी लागली. एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळी पुढच्या परीक्षेचा अभ्यास, म्हणून रविवारी आठवड्याचं करून ठेवायची सवय लावून घेतली होती. माय भेटायला आली तेव्हा मी डबे मांडून बसलेलीच होते. दशम्या, पुऱ्या, भाजलेलं बेसन. सगळं तिचंच. ती पाटावर बसून पाहत होती. एकदम हसली.

“त्या साली जवसाची डबी कोणं खाल्ली वं?”

“कोणती जवस?” मी म्हणाले. “गुरुवारी तीळ होती.”

“तीळ माह्याजवळ होती. डब्या बदलल्या होत्या. सोमवारीच उघडून पाह्यली मी. तुमाले कळवलं नाई. म्हटलं, गुरुवारी जवस पाहून लहान्याचं तोंड वाकडं होईन, तू चिठ्ठीत भांडशील, तेवढीच वाचाले मजा.”

माझ्या हातातली पुरी हातातच राहिली. इतकी वर्षं मी समजत होते की तिला पातेलीनं कळलं. परीक्षा संपल्यावर.

“म्हणजे तुले...”

“शुक्रवारी सकाळी. चाचा दारात उभा. तुही चिठ्ठी वाचली, तिळाची चटणी छान झाली, लहान्यानं दोनदा मागली, डबी पुसून खाल्ली. तीळ तर माह्या पिशवीत. मले समजलं, घरात काही नाई, पोरगी यादीतून पाहून लिहून राहिली. मी पिशवी उचलली बाप्पा. चाचाच्या मांगं स्टेशनावर पोचली होती मी.”

“मग?”

“मग चाचाले एकच इचारलं, लेकरं जेवतात का? तो म्हणे, भाभी, दोनो वक्त, पेट भर के. कोणाच्या घरचं ते त्यानं सांगितलं नाई, मी इचारलं नाई. तुही चिठ्ठी पुन्हा वाचली. भुकेलं लेकरू असं लिहीत नाई, माय. भुकेलं लेकरू ‘ये’ म्हणून लिहिते.” तिनं माझ्या हातातली पुरी घेऊन डब्यात ठेवली. “म्हटलं, कोणीतरी हिले पोटभर वाढून राहिलं, म्हणून हिले चटणीचं एवढं सुचून राहिलं. मंग मागं फिरली अन् गणिताच्या पेपरले जाऊन बसली.”

मला रडू आलं. ती मात्र गुरुवारच्या डब्याचं झाकण लावत होती.

“ती तीळ मी तिथं खाल्लीच नाई,” ती म्हणाली. “तू लिहिलं होतं ना, लहान्यानं दोनदा मागली. ते खरं कराचं होतं.”